मान चोळली तर डोळ्यांतला दाब उतरेल का?

पुण्याच्या कसबा पेठेत गेलात, तर तांबट आळीत जरूर डोकावा. पत्र्यावर पडणाऱ्या हातोडीचा ठणठण आवाज तुम्हाला पत्ता विचारू देणार नाही. तोच वाट दाखवील. हंडे, बंब, घागरी मठारणारा कारागीर तासन् तास मान खाली घालून, नजर एका ठिपक्यावर रोखून बसलेला असतो. हातोडीचा एकेक घाव शेजारच्या घावाला चिकटून बसला पाहिजे, म्हणून नजर हलवता येत नाही आणि नजर हलत नाही म्हणून मानही हलत नाही. दिवस संपता संपता मान आखडते, कपाळ जड होते, डोळे चुरचुरतात. मग कोणी तेल लावून मान चोळून घेतो, तर कोणी न्हाव्याकडे चंपी करून घेतो. मान मोकळी झाली की डोळेही हलके झाल्यासारखे वाटतात.

तांबटच कशाला, शिंपी, सोनार, घड्याळजी आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वहीवर वाकलेले तुम्ही, सर्वांचा अनुभव हाच. या अनुभवातूनच एक समजूत निघते : ‘मानेच्या शिरा मोकळ्या केल्या की डोळ्यांतला दाब उतरतो.’ समजा, एखाद्या घरात आजोबांना मधुमेह आहे. नेत्रतज्ज्ञाने डोळ्यांतला दाब वाढल्याचे सांगून रोज टाकायचे थेंब दिले आहेत. थेंब महाग असतात, टाकले की झोंबतात आणि त्यांनी नजर सुधारल्याचे तर काहीच जाणवत नाही. उलट मान चोळली की लगेच बरे वाटते. मग आजोबा म्हणतात, “थेंब राहू देत, मी आपली मान चोळून घेत जाईन.” आजोबांचे म्हणणे कितपत बरोबर आहे, ते आज आपण तपासून पाहू. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काही उपचारकांनी मधुमेही व्यक्तींच्या मानेवर हातांनी उपचार करून, आधी आणि नंतर डोळ्यांतला दाब मोजूनही पाहिला आहे.

पण डोळ्यांत दाब असतोच कशाला? फुटबॉलच्या आतल्या रबरी फुग्यात हवा भरली नाही तर चेंडू लिबलिबीत राहतो. आपला नेत्रगोलही तसाच आहे. त्याला आतून थोडा दाब नसेल, तर त्याचा आकार बिघडेल आणि भिंगातून येणारी प्रतिमा दृष्टिपटलावर नेमकी पडणार नाही. हा दाब राखण्याचे काम एक पाण्यासारखा स्वच्छ द्रव करतो. त्याला नेत्रजल म्हणतात. (अश्रू वेगळे. ते डोळ्याच्या बाहेर असतात, नेत्रजल आत.) बुबुळाच्या मागे एक कंकणाकार अवयव असतो. तो हे नेत्रजल दर मिनिटाला सुमारे २ ते २.५ घनमिलिमीटर या वेगाने तयार करतो. तेथून ते बाहुलीच्या छिद्रातून पुढे येते, पारपटल आणि भिंग यांना अन्न-प्राणवायू पुरवते आणि पारपटल व बुबुळ जेथे भेटतात त्या कोपऱ्यातील बारीक जाळीतून गाळून बाहेर पडते. जाळीमागे श्लेम नलिका नावाचा छोटासा पाट आहे. तो हे पाणी डोळ्याच्या पृष्ठभागावरील नीलांमध्ये, म्हणजे अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिन्यांमध्ये, नेऊन सोडतो. पारपटलामागच्या पोकळीत नेत्रजल असते सुमारे पाव मिलिलिटर. पावणेदोन-दोन तासांत ते सगळे नव्याने बदलले जाते. दिवसाकाठी तयार होणारे एका डोळ्याचे सारे नेत्रजल गोळा केले, तर चहाचा चमचाही पुरता भरणार नाही. पण एवढ्याशा द्रवावर तुमची दृष्टी अवलंबून आहे.

पुणेकरांना हे समजायला फार सोपे जावे. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावांतून नळ बांधून पुण्यात पाणी आणले गेले आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत खेळवले गेले. कसब्याजवळचे फडके हौद हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. आता अशा एखाद्या वाहत्या हौदाचा विचार करा. हौदातील पाण्याची पातळी कशावर ठरेल? एक, पाणी किती वेगाने येते यावर. दोन, बाहेर जाण्याची वाट किती रुंद आहे यावर. आणि तिसरी गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही : बाहेरचे पाणी ज्या गटारात पडते, तेथेच पाणी तुंबले असेल तर हौदही चढू लागतो.

डोळ्याचे अगदी असेच आहे. स्वित्झर्लंडमधील नेत्रतज्ज्ञ हान्स गोल्डमान यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र हेच सांगते :

नेत्रदाब = (दर मिनिटाला येणारे नेत्रजल ÷ जाळीची वहनक्षमता) + बाहेरच्या नीलांतील दाब

साधारण आकडे घालून पाहू. येणारे नेत्रजल २, जाळीची वहनक्षमता ०.३ आणि नीलांतील दाब पाऱ्याचे ९ मिलिमीटर. २ ला ०.३ ने भागले की ६.७ येतात. त्यात ९ मिळवले की १५.७. निरोगी माणसाचा नेत्रदाब बहुधा १० ते २१ मिलिमीटर असतो, म्हणजे आपले उत्तर चांगलेच जमले. पाऱ्याचे १५ मिलिमीटर म्हणजे पाण्याचे सुमारे २० सेंटिमीटर. जेमतेम वीतभर पाण्याचा हा दाब!

हे सूत्र वहीत उतरवून ठेवा. मानेचा प्रश्न त्यानेच सुटणार आहे.

डोळ्याला छिद्र न पाडता आतला दाब मोजायचा कसा, हे कोडे डॉक्टरांना फार दिवस पडले होते. पूर्वी ते मिटलेल्या पापणीवरून बोटांनी चाचपून अंदाज घेत. १९०५ मध्ये नॉर्वेच्या शिऑट्झ यांनी एक सुटसुटीत उपकरण काढले. त्यात बधिर केलेल्या डोळ्यावर एक लहान दट्ट्या ठेवत आणि तो पारपटलात किती रुततो ते पाहत. पुढे १९५० नंतरच्या दशकात गोल्डमान यांनी याहून अचूक रीत शोधली. पारपटलाचा एक ठरावीक गोल सपाट करायला किती जोर लागतो, तो मोजायचा. त्यांनी या गोलाचा व्यास ३.०६ मिलिमीटर निवडला. असा विचित्र आकडा का? एक कारण डोळ्याच्या गुणधर्मांत आहे. पारपटलाचा ताठपणा आणि अश्रूंची ओढ या आकाराला एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. दुसरी गंमत तुम्ही स्वतः पडताळून पाहा. या गोलाचे क्षेत्रफळ काढा. ते ०.०७३५ चौरस सेंटिमीटर येईल. त्यावर १ ग्रॅम भार ठेवला, तर दर चौरस सेंटिमीटरला १३.६ ग्रॅम भार पडला. पाऱ्याची घनता १३.६! म्हणजे १ ग्रॅम भार बरोबर पाऱ्याच्या १ सेंटिमीटर उंचीइतका, १० मिलिमीटर दाबाइतका झाला. उपकरणावरचे ग्रॅम वाचायचे आणि दहाने गुणायचे, की झाले. शास्त्रज्ञांच्या सोयीच्या निवडीत असा शहाणपणा पुष्कळदा दडलेला असतो.

आता दाब वाढला तर बिघडते काय, ते पाहू. दृष्टिपटलावरची माहिती मेंदूकडे नेणाऱ्या दृक्‌चेतेत सुमारे दहा-बारा लाख तंतू असतात. डोळ्याच्या मागच्या भिंतीतील एका चाळणीसारख्या जागेतून ते बाहेर पडतात. आतला दाब या चाळणीवर पडत राहिला, की तंतू एकेक करून मरू लागतात. हाच काचबिंदू. त्याच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात दुखत नाही, डोळा लाल होत नाही आणि समोरचे वाचताही येते. नजर कडेकडेने खुडली जाते आणि मेंदू ती उणीव इतक्या बेमालूमपणे भरून काढतो, की रोग्याला पत्ताच लागत नाही. मोतीबिंदू काढून टाकता येतो आणि दृष्टी परत येते. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. आजोबांना थेंबांचा उपयोग जाणवत नाही याचे कारण हेच आहे. थेंब गेलेले परत आणत नाहीत, राहिलेले राखतात. आणि राखलेली गोष्ट जाणवणार कशी?

येथे एक खुलासा केला पाहिजे. दाब जास्त म्हणजे काचबिंदू असे सरळ समीकरण नाही. काहींचा दाब २१ च्या वर असूनही चेता शाबूत राहते आणि काहींचा दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही ती झिजते. म्हणून नेत्रतज्ज्ञ केवळ दाब मोजून थांबत नाहीत. ते चेतेचे टोक पाहतात आणि दृष्टीचे क्षेत्रही तपासतात.

मधुमेहाने ही गोष्ट अधिक गुंतागुंतीची होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा तुमच्या वर्गातील बहुतेकांच्या नात्यात कोणीतरी मधुमेही असणारच. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की दृष्टिपटलाच्या केशवाहिन्या खराब होतात. काही भागांना प्राणवायू कमी पडू लागतो. मग ते भाग नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचा रासायनिक संदेश सोडतात. या नव्या वाहिन्या ठिसूळ असतात आणि वाटेल तेथे फुटतात. कधी त्या पुढे येऊन बुबुळावर आणि त्या कोपऱ्यातील जाळीवरच पसरतात. मग गाळणीच बंद होते आणि दाब भराभर चढतो. हा काचबिंदू फार वाईट असतो. शिवाय मधुमेहात पारपटल किंचित जाड व ताठ होऊ शकते आणि त्यामुळे उपकरण प्रत्यक्षापेक्षा जास्त दाब दाखवू शकते. म्हणजे मधुमेही डोळ्याचा आकडा वाचताना दुप्पट सावध राहिले पाहिजे.

आता मानेकडे वळू. मानेचा आणि डोळ्याच्या दाबाचा संबंध खरोखरच आहे, आणि तो एका नव्हे, दोन वाटांनी आहे.

पहिली वाट रक्ताची. डोळ्यांतून निघालेले रक्त कवटीतून मानेतील मोठ्या नीलांत उतरते आणि हृदयाकडे जाते. मान आवळली की ते तुंबते, म्हणजे आपल्या हौदापुढचे गटार तुंबते. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २० निरोगी व २० काचबिंदू असलेल्या पुरुषांना नेकटाय घट्ट बांधायला लावून दाब मोजला. तीनच मिनिटांत बहुतेकांचा दाब चढला आणि गाठ सैल करताच उतरला. शीर्षासनाचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. २००६ मध्ये चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी शीर्षासन करणाऱ्या ७५ जणांचा नेत्रदाब मोजला. तो आसनात जवळजवळ दुप्पट झाला होता. यात नवल नाही. डोके खाली गेले की हृदय आणि डोळे यांच्यामधला वीत-सव्वा वीत उंचीचा रक्तस्तंभ डोळ्यांवर उलटा पडतो. आधीच्या हिशेबाने तो पाऱ्याच्या पंधरा-वीस मिलिमीटरांइतका भरेल. म्हणूनच काचबिंदू असलेल्यांना शीर्षासन न करण्याचा सल्ला देतात. योगासनांची शान असलेल्या पुण्यात हे ठळकपणे सांगायला हवे.

दुसरी वाट चेतांची. बाहुलीचे स्नायू आणि डोळ्यांच्या रक्तवाहिन्या यांना जाणाऱ्या अनुकंपी चेता मेंदूतून थेट डोळ्यांत येत नाहीत. त्या पाठीच्या कण्यातून छातीशी बाहेर पडतात आणि मानेतून वर चढतात! १७२७ मध्ये फ्रान्सच्या पूरफूर द्यु पती यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले, की मानेतील ही चेता तोडली तर त्या बाजूच्या डोळ्यात बदल होतात. माणसातही ही वाट खंडित झाली, तर पापणी ढळते आणि बाहुली बारीक होते. स्वित्झर्लंडच्या होर्नर यांनी १८६९ मध्ये या लक्षणांचे वर्णन केले.

तेव्हा ‘मानेचा डोळ्यांशी काय संबंध?’ असे म्हणून आजोबांना उडवून लावता येणार नाही. पण ‘संबंध आहे’ म्हणजे ‘उपचार होतो’ असे नव्हे. आपले सूत्र पुन्हा काढा. समजा, आजोबांच्या डोळ्यातील जाळी अर्धी बुजली आहे आणि तिची वहनक्षमता ०.१५ झाली आहे. २ भागिले ०.१५ म्हणजे १३.३, अधिक ९, म्हणजे दाब २२.३. आता मान चोळून नीलांतील दाब एका मिलिमीटरने उतरला असे मानू. नेत्रदाबही तेवढाच, एकाच मिलिमीटरने उतरेल, कारण तो आकडा सूत्रात नुसता मिळवलेला आहे. आणि मालिश थांबले की नीला पुन्हा पूर्ववत. आता थेंबांनी नेत्रजलाची निर्मिती २ वरून १.४ वर आणली असे समजा. १.४ भागिले ०.१५ म्हणजे ९.३, अधिक ९, म्हणजे १८.३. दाब चार मिलिमीटरांनी उतरला आणि थेंब नियमाने टाकले तर तो तसाच राहील. गाळणी बुजली असताना गटार उपसून फारसे साधत नाही. पेशव्यांच्या काळातल्या पाणक्यालाही हे कळले असते!

“पण मालिश केल्यावर दाब उतरलेला मोजून दाखवला तर?” असे कोणी विचारील. चांगला प्रश्न आहे. येथे मोजमापाच्या खाचाखोचा कळल्या पाहिजेत. माणूस आडवा झाला की नेत्रदाब काही मिलिमीटरांनी वाढतो. पालथा झाला तर आणखी वाढतो. पालथे निजवून मालिश केले आणि उठून बसल्यावर दाब मोजला, तर उतरलेला दाब मालिशचा की उठून बसण्याचा? दिवसाच्या वेगवेगळ्या वेळीही दाब बदलतो. पुष्कळांत तो सकाळी जास्त असतो. चार-पाच मिलिमीटरांचा फरक निरोगी डोळ्यातही पडू शकतो. सकाळी मालिशपूर्वी मोजला आणि दुपारी मालिशनंतर मोजला, तर घड्याळाचे श्रेय हातांना मिळेल. उपकरण डोळ्याला पुन्हा पुन्हा टेकवल्यानेही थोडे नेत्रजल पिळून निघते आणि पुढचा आकडा किंचित खाली येतो. शिवाय ज्यांचा दाब त्या दिवशी योगायोगाने फार चढला होता अशांनाच निवडले, तर काही न करताही पुढच्या वेळी बहुतेकांचा आकडा खाली येईल. तुमच्या वर्गात एका चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली मुले पुढच्या चाचणीत बहुधा थोडी वर सरकतात, तसेच हे.

म्हणून खरी कसोटी घ्यायची तर मधुमेही लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतील. एका गटाच्या मानेवर उपचार होईल. दुसऱ्याच्या मानेवर हात ठेवला जाईल, तितकाच वेळ, त्याच स्थितीत, पण उपचार होणार नाही. दाब मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नसावे. वेळ तीच असावी. आणि मोजणी त्याच दिवशी संपू नये. काही महिन्यांनी दाब, चेता आणि दृष्टिक्षेत्र पुन्हा पाहावे. अर्ध्या तासापुरता उतरलेला एखादा मिलिमीटर काचबिंदूला रोखत नाही. आजवर मानेच्या उपचाराने काचबिंदू आटोक्यात राहतो असे अशा कसोटीने सिद्ध झालेले नाही. दाब कमी करण्याचे सिद्ध मार्ग तीन : थेंब, लेसर आणि शस्त्रक्रिया.

तेल लावून हलक्या हाताने मान चोळण्यात वावगे काही नाही. स्नायू सैल होतात, दुखणे थांबते आणि तांबटाला दुसऱ्या दिवशी हातोडी धरता येते. पण मानेला हिसडा देऊन कडकन आवाज काढणे ही वेगळी गोष्ट आहे. तो आवाज हाडे ‘जागेवर बसल्याचा’ नसतो. सांध्यातील वंगणासारख्या द्रवात एकदम पोकळी निर्माण होते, तिचा तो आवाज. १९७१ मध्ये इंग्लंडच्या अभियंत्यांनी बोटांच्या सांध्यावर याचा अभ्यास केला आणि २०१५ मध्ये कॅनडात चुंबकीय चित्रणाने ती पोकळी होताना प्रत्यक्ष पाहिली गेली. धोका आवाजात नाही, हिसड्यात आहे. मानेच्या मणक्यांच्या बाजूंना छिद्रे असतात आणि त्यांतून मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणाऱ्या दोन रोहिणी वर चढतात. मान वेगाने पिळली तर रोहिणीचे आतले अस्तर फाटू शकते, तेथे गुठळी होते आणि पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचितच घडते. पण मधुमेह आणि वय यांनी ज्यांच्या रोहिणी आधीच कडक झाल्या आहेत, त्यांनी हा जुगार का खेळावा?

मग आजोबांचे काय करायचे? मान जरूर चोळून द्या, पण थेंबांची वेळ चुकू देऊ नका. थेंब टाकण्याचीही रीत आहे आणि ती फार घरांत चुकते. मान मागे करून खालची पापणी बोटाने ओढावी आणि त्या खळगीत एकच थेंब टाकावा. दोन टाकले तरी दुसरा गालावरूनच ओघळतो. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलके दाबून धरावा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. दुसरे औषध टाकायचे असेल तर पाच मिनिटे थांबावे. डोळे लाल झाले म्हणून दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल, तर त्याने नेत्रदाब वाढू शकतो. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याविना ते टाकू नयेत. मधुमेह असलेल्याने काही होत नसले तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्यावा. पुण्यात ससून रुग्णालयाच्या नेत्रविभागात किंवा हडपसरजवळच्या देसाई नेत्र रुग्णालयात ही सोय आहे. आणि काचबिंदू घराण्यात चालत येऊ शकतो. म्हणून आजोबांना तो असेल, तर आजोबांच्या भावंडांची आणि तुमच्या आईवडिलांची तपासणीही त्याच फेरीत उरकून घ्या.